पितळेचे पातेले, वरचे दूध आणि तान्ह्याचे यकृत

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे तांबे-पितळ आणि यकृत याच विषयाची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी नात सात महिन्यांची आहे. सून नोकरीवर पुन्हा रुजू झाल्यापासून बाळाला दिवसातून दोनदा गाईचे दूध द्यावे लागते. ते मी सासूबाईंच्या वेळच्या पितळेच्या पातेल्यात तापवत असे. मागच्या महिन्यात सुनेने ते पातेले माळ्यावर टाकले. अशा दुधाने तान्ह्या मुलांचे लिव्हर खराब होते आणि इंग्लंडच्या टॅनर नावाच्या डॉक्टरांनी ते दाखवून दिले आहे, असे ती म्हणते. माझी तिन्ही मुले याच पातेल्यातल्या दुधावर वाढली आणि धडधाकट आहेत. परदेशातल्या डॉक्टरांना आपल्या पितळेचे काय ठाऊक?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : पातेले माळ्यावरच राहू द्यावे, सूनबाईंचे म्हणणे योग्य आहे. आपल्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण ज्या संशोधनाचा उल्लेख त्यांनी केला ते जितके इंग्लंडचे आहे तितकेच पुण्याचेही आहे. डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या या विषयावरील बहुतेक महत्त्वाच्या लेखांवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांची नावे सहलेखक म्हणून आहेत. ज्या मुलांचा अभ्यास झाला ती इकडची, ज्या घरांतील दुधाची चौकशी झाली ती इकडची. बोलताना मात्र आपण एकच नाव घेतो, आणि तेही परदेशातले, याची मला नेहमी खंत वाटते.

भारतातील लहान मुलांना होणाऱ्या यकृताच्या या घातक विकाराचे वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले आणि पुढे ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने तो पाठ्यपुस्तकांत आला. तो साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे या वयात, आणि त्यातही एक ते तीन वर्षांच्या मुलांत अधिक दिसे. मूल किरकिरे होई, पोट मोठे दिसू लागे, आणि उजव्या बरगडीखाली हात लावला की यकृत टणक व त्याची कड पातळ, धारदार लागे. कावीळ दिसेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असे; मग पोटात पाणी होई आणि काही महिन्यांत मूल हातचे जाई. एकाच घरात पाठोपाठची भावंडे अशी गेल्याचीही उदाहरणे होती, त्यामुळे कुणी घराण्याच्या रक्ताला दोष देई, कुणी दृष्ट लागल्याचे सांगे, आणि डॉक्टरांकडेही सांगण्यासारखे फारसे काही नसे.

कोंडी फुटली ती सूक्ष्मदर्शकाखाली. अशा मुलांच्या यकृताचा तुकडा ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने रंगवला की पेशींच्या आत तपकिरी-काळे, खरबरीत कण जागोजागी विखुरलेले दिसतात. तांब्याशी बांधल्या गेलेल्या प्रथिनांचे ते साठे असतात. पेशी फुगलेल्या, प्रत्येकीभोवती तंतूंचे जाळे आवळत चाललेले आणि नव्या पेशी तयार होण्याच्या खुणा जवळजवळ नाहीत, असे हे चित्र असते. १९७८ मध्ये ऑर्सीनच्या या निरीक्षणाविषयीचा लेख आणि १९७९ मध्ये प्रत्यक्ष तांब्याच्या मोजमापाचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. मोजमापाच्या लेखात टॅनर आणि पंडित यांच्याबरोबर लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील यकृततज्ज्ञ होते, आणि स्कॉटलंडमधील अॅबरडीनच्या रोवेट संस्थेतील, जनावरांच्या आहारातील खनिजांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही होते. मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते, त्यामुळे यकृतातील तांबे मोजण्याची विद्या त्या संस्थेत आधीच मुरलेली होती. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे तांबे सहसा ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते बहुधा ८०० च्या वर भरे.

एवढे तांबे तान्ह्या मुलाच्या यकृतात आले कोठून, हा पुढचा प्रश्न होता. १९८३ मध्ये टॅनर, भावे, पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच या प्रश्नाचे उत्तर सुचवले आणि ते आपल्या पातेल्यापाशी येऊन थांबते. आजारी पडलेल्या मुलांना वरचे दूध लवकर, काही वेळा जन्मानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालेले असे, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले असे. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुले आणि त्यांच्या जोडीला घेतलेली निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली, तीतही हाच फरक ठळकपणे दिसला. १९८९ मध्ये टॅनर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पितळेच्या भांड्यातून दूध तांबे कसे घेते, हे प्रयोगशाळेत तपासले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यातील तांबे दुधात उतरते आणि दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून राहते. दूध पुन्हा पुन्हा तापवावे, दिवसभर त्याच भांड्यात ठेवावे आणि बाळाला देताना पुन्हा पितळी बोंडल्यात ओतावे, ही आपल्याकडील जुनी रीत तांब्याला दुधात उतरायला पुरेपूर वेळ देणारी होती.

आपल्या पिढीतील गृहिणींना पितळेची जाण नव्हती असे मी म्हणणार नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, कढी किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, हे प्रत्येकीला माहीत होते आणि म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला दारात बसे. दूध आंबट नसल्यामुळे ते कळकत नाही, असा समज होता, आणि घात झाला तो तिथे.

मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तातून बाहेर टाकते. पहिल्या काही महिन्यांत बाळाची ही यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. त्यातच आईच्या दुधात तांबे अगदी कमी असल्यामुळे निसर्गाला एवढा भार अपेक्षितही नसतो. आता आपल्या तिन्ही मुलांविषयी. ती पहिले अनेक महिने अंगावरच्या दुधावर असतील, पातेल्याला नीट कल्हई असेल, किंवा दूध तापवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढले जात असेल, तर तांबे थोडेच गेले असणार. शिवाय तेच दूध पिणाऱ्या सर्वच मुलांना हा विकार होत नसे. काही घराण्यांत त्याला बळी पडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असावी, असे मानायला आधार आहे. आपली मुले सुखरूप वाढली याचा आनंदच आहे, परंतु त्यावरून नातीच्या बाबतीत हवाला देता येत नाही.

पातेल्याला कल्हई करून घेतली तर चालेल का, असे आपण पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आताच लिहितो. भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की आतून चांदीसारखा थर बसतो आणि तो अभंग असेपर्यंत तांबे अडवतो. पण कालथा आणि घासणी यांनी तो आधी तळाशीच झिजतो, म्हणजे नेमका जेथे दूध सर्वांत जास्त तापते तेथे. तळाला पिवळा ठिपका कोणत्या दिवशी दिसू लागला, हे कुणी लिहून ठेवत नाही. बाळासाठी स्टीलचे पातेले आणि स्टीलचीच वाटी-चमचा असावा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एक वर्षाच्या आत गाईचे दूध हे मुख्य दूध म्हणून देऊ नये, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. सूनबाईंनी कामावर जाण्यापूर्वी दूध काढून ठेवणे जमते का, हे त्यांच्याशी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : मी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. वर्गात या संशोधनाचा उल्लेख ‘तांब्यामुळे होणारा रोग’ असा एका ओळीत झाला. पितळ घरांतून गेले आणि रोगही गेला, एवढ्यावरून कारण सिद्ध होते का? त्याच काळात इतरही पुष्कळ गोष्टी बदलल्या असतील.
— एक विद्यार्थी, भंवरकुआ, इंदूर

उत्तर : एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि ही शंका आपल्याआधी या विषयातील जाणत्यांनीही घेतलेली आहे. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टॅनर यांच्या गटाच्या लेखाबरोबर हान्स पॉपर, स्टर्नलीब, नायक आदींचाही एक लेख आला होता आणि त्यांनाही या मुलांच्या पेशींत तांबे दिसले होते. यांपैकी स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये शाइनबर्ग यांच्यासह अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील अशा तीन गावांची माहिती तपासली, जेथे पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच होते, आणि तेथे लहान मुलांत यकृतविकाराने मृत्यू झाल्याचे त्यांना आढळले नाही. नायक यांनी तर २०१३ मध्ये चितळे यांच्याबरोबर लिहिलेल्या विस्तृत लेखात, आहारातील तांबे हेच मूळ कारण असल्याचे पुराव्याने ठरत नाही, अशी भूमिका मांडली. ज्यांनी आरंभी स्वतः तांबे पाहिले त्यांतीलच काहींनी पुढे त्याच्या कारणपणाविषयी शंका घ्यावी, हे मला या वादातील सर्वांत बोलके अंग वाटते.

पुराव्याचे धागे एकेक करून पाहू. यकृतात तांबे आढळणे, हा धागा दिसतो तेवढा बळकट नाही. तांबे पित्तावाटे बाहेर पडत असल्यामुळे पित्ताचा मार्ग तुंबवणाऱ्या कोणत्याही जुनाट विकारात ते साचते, म्हणजे ते कारण नसून परिणाम असू शकते. टॅनर यांच्या बाजूने असे सांगता येते की या मुलांत तांब्याचे प्रमाण अशा इतर विकारांपेक्षा फार वरचे असते आणि कावीळ होण्यापूर्वीच ते दिसते. आहाराच्या इतिहासातही एक कच्चा दुवा आहे. ज्या आईचे मूल आजारी आहे ती भांड्यांविषयी विचारले असता अधिक बारकाईने आठवते, आणि विचारणाऱ्यालाही कोणते उत्तर अपेक्षित आहे ते ठाऊक असते. जोडीची निरोगी मुले घेतल्याने हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. पेनिसिलामीन हे तांबे बाहेर काढणारे औषध देऊन केलेल्या चाचण्यांचा लेख १९८७ मध्ये आणि त्या उपचाराने दीर्घकाळ जगलेल्या मुलांविषयीचा लेख १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग फार पुढे जाण्यापूर्वी औषध मिळालेली मुले वाचली, ही गोष्ट ज्या काळात निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूच समजले जाई त्या काळात अपूर्व होती. तरीही हे औषध तंतू तयार होण्यावरही परिणाम करते, म्हणून केवळ त्याच्या गुणावरून तांब्याला दोषी ठरवता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वाधिक वजनदार वाटणारा पुरावा भारतातील नाहीच. १९९६ मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ प्रदेशातील १९०० ते १९७४ या काळातील १३८ बालकांची माहिती प्रसिद्ध केली. यकृताचे चित्र आपल्याकडील विकाराशी जुळणारे, मुले त्याच वयाची, आणि घरोघरी बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळलेले गाईचे दूध. वंशावळी मांडल्यावर विकार अप्रभावी, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आले तरच परिणाम दाखवणाऱ्या, जनुकाच्या वारशाने उतरावा तसा दिसला, आणि भांडी बदलल्यावर तो त्या खोऱ्यांतून नाहीसा झाला. भाषा, धर्म, अन्न, हवामान यांपैकी काहीही समान नसलेल्या दोन प्रदेशांत समान असलेली गोष्ट म्हणजे तान्ह्या मुलाचे दूध तापवण्याचे भांडे, हे योगायोगावर सोडणे मला कठीण जाते. मॅसॅच्युसेट्सच्या माहितीशीही याचा विरोध येत नाही, कारण जनुक आणि तांबे दोन्ही एकत्र आल्याशिवाय विकार होत नसेल, तर ते जनुक विरळ असलेल्या वस्तीत नुसत्या तांब्याने काही घडणार नाही.

आता काळाचा मुद्दा. स्वयंपाकघरात स्टील आले त्याच दशकांत डब्यातले दूध आले, रुग्णालयातील बाळंतपणे वाढली आणि नात्यातली लग्ने काही समाजांत कमी झाली. यांतील प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नाही, कारण असा प्रयोग कुणी केला नाही आणि आता करणे नैतिकही नाही. विकार इतका विरळ झाला आहे की आजचे बालरोगतज्ज्ञ तो बहुधा पुस्तकातच पाहतात. टॅनर यांनी १९९८ मध्ये या विषयाचा आढावा घेतला तेव्हाही तांब्याची बाजूच मांडली; माझे मत त्यांच्या बाजूला झुकते, पण ‘तांब्यामुळे होणारा रोग’ असे एका ओळीत लिहून उत्तरपत्रिका बंद करण्याइतके नव्हे. आपण परीक्षेत ‘बळी पडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या तान्ह्या मुलांत, आहारातील जादा तांब्याशी निगडित’ असे लिहावे. गुण कमी मिळाले तर परीक्षकांना हा अंक दाखवावा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. रात्री तांब्याच्या बाटलीत भरून ठेवलेले पाणी सकाळी उपाशीपोटी, त्यातच लिंबू पिळून पितो. वरील गोष्टी खऱ्या असतील तर माझ्या यकृताचे काय?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : लिंबू सोडावे, निदान त्या बाटलीत पिळू नये. साधे पाणी तांब्यातून फार थोडे तांबे घेते. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबे आढळले, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. त्याच अभ्यासात जुलाब करणारे जंतू त्या पाण्यात मरतात असेही दिसले, म्हणजे तांब्याची प्रशंसा करणारे अगदीच निराधार बोलत नाहीत. आंबट पदार्थ मात्र तांबे भराभर विरघळवतात आणि मळमळ, उलटी, पोटात मुरडा हे त्याचे पहिले परिणाम असतात. प्रौढ, निरोगी यकृत जादा तांब्याची विल्हेवाट लावू शकते, त्यामुळे आपण यापूर्वी प्यायलेल्या पाण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. कसेरा बाजारातून नव्या बाटल्या घेताना आतून मुलामा आहे का हे विचारावे, कारण काही बाटल्या बाहेरून तांब्याच्या आणि आतून स्टीलच्या असतात. त्यांतील पाण्याला तांब्याचा गुणही नाही आणि दोषही नाही. घरात तान्हे मूल असल्यास त्याला हे पाणी देऊ नये.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला विल्सन्स डिसीज असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर म्हणाले, शरीरात तांबे साचते. बहिणीच्या घरी तर सर्व भांडी स्टीलचीच आहेत. मग हे कसे झाले? त्याला एक धाकटी बहीण आहे.
— एक मामा, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या बहिणीच्या स्वयंपाकघराचा यात काही दोष नाही, हे तिला अवश्य सांगावे. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार वर चर्चिलेल्या विकाराहून वेगळा आहे. यकृतपेशीतून तांबे पित्तात सोडणारे एक प्रथिन असते. त्याच्या एटीपी७बी या जनुकात आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर रोजच्या साध्या अन्नातले तांबेही बाहेर पडत नाही आणि वर्षानुवर्षे साचत जाते, प्रथम यकृतात आणि पुढे मेंदूत. म्हणून काही मुले काविळीने लक्षात येतात, तर काहींचे अक्षर बिघडते, हात थरथरतात, बोलणे अडखळते आणि घरचे त्याला आळस किंवा वयाचा हट्टीपणा समजतात. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन या तांबे वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण सहसा कमी असते, दिवसभराच्या लघवीत तांबे जास्त सापडते आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसू शकते. ते पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञांचा स्लिट लॅम्प लागतो.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. पेनिसिलामीनचा उपयोग जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये दाखवला, आणि आज ट्रायेंटिन व जस्ताचे क्षारही वापरले जातात. औषध आयुष्यभर घ्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून ते परस्पर बंद केल्यास यकृत एकाएकी निकामी होण्याचा धोका असतो, आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हा धोका कागदावरचा नाही, तेव्हा गोळ्यांवर घरातल्या एका मोठ्या माणसाची नजर असू द्यावी. काळीज-कलेजी, शिंपले, सुकामेवा आणि चॉकलेट यांविषयी किती पथ्य पाळायचे ते त्याचे डॉक्टर सांगतील.

धाकट्या बहिणीला तोच विकार असण्याची शक्यता चारात एक आहे. तिला आज काहीही त्रास होत नसला तरी तिची रक्त, लघवी आणि डोळ्यांची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी, आणि भाच्याच्या जनुकचाचणीचा अहवाल उपलब्ध असेल तर तो बरोबर न्यावा, म्हणजे तिच्या बाबतीत नेमका तोच दोष शोधता येईल.